प्रश्न तुमचे : हस्तऱ्याचे हवाई दलप्रमुख

या महिन्याच्या टपालात विमानं फार आली. हदगावकडच्या एका गृहस्थांचा प्रश्न बाजूला काढून ठेवला होता, तर मागोमाग त्याच गोत्रातली आणखी सात पत्रं निघाली. नांदेड, लातूर, उदगीर, निलंगा, सगळीकडून. तेव्हा सोयाबीनच्या भावाचे प्रश्न पुढच्या खेपेला. आज फक्त हवाई दल.

आमच्या तालुक्यातला माणूस देशाच्या हवाई दलाचा प्रमुख झाला, असं मी अभिमानाने सांगतो. नातू म्हणतो, “आजोबा, पुरावा काय?” खरं काय आहे?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, हदगाव तालुका

खरं आहे. हवाई दलाचे सत्ताविसावे प्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी हे मूळचे हदगाव तालुक्यातल्या हस्तरा गावचे. नातवाला तारखा द्या, हल्लीच्या पोरांना तारखा पटतात. जन्म ४ सप्टेंबर १९६२. हवाई दलात अधिकारी म्हणून रुजू झाले २९ डिसेंबर १९८२ ला. प्रमुखपद ३० सप्टेंबर २०२१ ते ३० सप्टेंबर २०२४. त्यांच्या आधी राकेशकुमार सिंह भदौरिया होते, नंतर अमरप्रीत सिंग आले.

(३० सप्टेंबर ही तारीख आपल्याकडे कुणी आनंदाने उच्चारत नाही, किल्लारीच्या भूकंपामुळे. इथे तिचा संबंध एवढाच की सरकारी माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो.)

मात्र ‘पहिले मराठी हवाई दलप्रमुख’ असा फ्लेक्स कुणी लावला असेल तर तो उतरवायला सांगा. हृषिकेश मुळगावकर १९७६ ते १९७८ मध्ये प्रमुख होते. अनिल यशवंत टिपणीस १९९८ च्या अखेरच्या दिवशी प्रमुख झाले आणि कारगिलचं युद्ध त्यांच्याच काळात झालं. २००९ ते २०११ मध्ये प्रदीप वसंत नाईक होते. चौधरी या तिघांच्या नंतर येतात. हदगावच्या अभिमानात याने काही उणं पडत नाही.

मी बँकेत अधिकारी आहे. आमच्याकडे पीओ म्हणून लागलेला माणूस चेअरमन होईपर्यंत काय काय भोगतो ते ठाऊक आहे. हवाई दलात पायलट ते प्रमुख हा प्रवास कसा असतो?
— एक वाचक, नांदेड

तुम्हाला समजावणं सोपं आहे, कारण नकाशा बराचसा तुमच्यासारखाच आहे. आधी शाखा, दर दोन-तीन वर्षांनी बोचकं बांधणं, मधेच ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला पाठवणी, मग झोनल ऑफिस आणि नशीब जोरावर असेल तर हेड ऑफिस. तिकडे शाखेला स्क्वाड्रन म्हणतात, झोनल ऑफिसला कमांड. कमांड एकूण सात. दिल्ली, गांधीनगर, प्रयागराज, शिलाँग, तिरुवनंतपुरम, बंगळुरू आणि आपलं नागपूर. नागपूरला देखभालीची कमांड आहे, म्हणजे विमानं उडती ठेवण्याचा सगळा पसारा तिथून चालतो. हेड ऑफिस दिल्लीत, वायु भवन.

चौधरी यांचा हिशेब मांडू. रुजू झाल्यापासून प्रमुख होईपर्यंत ३८ वर्षं आणि ९ महिने.

सुरुवात पुण्याजवळ खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. आपण सगळे तिला एनडीए म्हणतो. तिथल्या ६१ व्या कोर्सची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या एकाच कोर्समधून तीन मुलं पुढे तिन्ही दलांची प्रमुख झाली. नागपूरचे मनोज पांडे लष्कराचे, आर. हरिकुमार नौदलाचे आणि चौधरी हवाई दलाचे. एप्रिल २०२२ ते एप्रिल २०२४ अशी दोन वर्षं तिघे एकाच वेळी आपापल्या खुर्चीत होते. खडकवासल्याच्या मेसमध्ये एका रांगेत ताट घेऊन उभी राहिलेली पोरं चाळीस वर्षांनी एकमेकांना ‘अरे’ म्हणत देशाच्या सुरक्षेच्या बैठकीत बसत असतील, तर तेवढी फाईल लवकर सरकत असावी, असा आपला माझा अंदाज.

एनडीएच्या तीन वर्षांनंतर वैमानिक होणाऱ्याला हैदराबादजवळ दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत जावं लागतं. आपल्याकडच्या माणसाला हैदराबाद नवं नाही. निजामाच्या काळापासून दवाखाना, कचेरी आणि लग्नाचा बस्ता यांसाठी नांदेडची पावलं तिकडेच वळत आली.

मग लढाऊ विमानं. चौधरी यांनी मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३० अशी चार जातींची लढाऊ विमानं चालवली. त्यांची पिढी कोवळ्या वयात मिग-२१ वर बसली, हे लक्षात ठेवा. ते विमान तासाला तीनशे किलोमीटरच्या वर वेग ठेवून जमिनीला टेकवावं लागायचं. वेग कमी केला तर ते दगडासारखं खाली यायचं. शिकाऊ विमान आणि मिग यांच्या मधली पायरीच तेव्हा नव्हती. सायकलवरून उतरवून थेट ट्रकवर बसवण्यातला प्रकार. मधल्या पायरीचं विमान, हॉक, २००८ मध्ये आलं, म्हणजे चौधरी रुजू होऊन पाव शतक उलटल्यावर. ते विमान आपल्या शेजारीच असतं, पण त्याबद्दल निलंग्याच्या पत्रात. मिग-२१ ला हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निरोप दिला.

त्यांच्या नावावर ३८०० हून अधिक तासांचं उड्डाण आहे. हा आकडा ऐकून बरेच जण ‘एवढंच?’ म्हणतात. प्रवासी विमानाचा वैमानिक वर्षाला हजार तासांपर्यंत उडू शकतो, म्हणजे चार वर्षांत तो या आकड्याला गाठेल. पण लढाऊ विमानाचं एक उड्डाण साधारण तासाभराचं असतं आणि त्या तासात माणूस पिळून निघतो. विमान जोरात वळवलं की शरीराचं वजन कित्येक पट होतं. सहा पट म्हणजे सत्तर किलोचा माणूस चारशे वीस किलोचा. डोक्यातलं रक्त पायाकडे धावतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती येऊ नये म्हणून पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळून धरणारा, हवेने फुगणारा खास पोशाख घालतात. अशा स्थितीत रडार बघायचं, बोलायचं, निर्णय घ्यायचा. तुमच्या बँकेच्या भाषेत, वर्षअखेरीच्या ३१ मार्चची रात्र रोज तासभर.

प्रत्यक्ष मोहिमा दोन. सियाचिनची ऑपरेशन मेघदूत, जी १३ एप्रिल १९८४ ला सुरू झाली आणि अजून बंद झालेली नाही. दुसरी १९९९ ची कारगिलमधली ऑपरेशन सफेद सागर. त्यात हल्ला करणाऱ्या विमानांच्या डोक्यावर पहारा ठेवणारी, शत्रूचं विमान जवळ येऊ न देणारी उड्डाणं चौधरी यांनी केली. वरून आज्ञा होती की नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. आधीच अरुंद दऱ्या, त्यात वळायला जागा नाही आणि रेषेवर पाय पडायला नको. गल्लीत ट्रॅक्टर वळवलेल्या माणसाला याची थोडी कल्पना येईल. तेव्हा दलप्रमुख होते टिपणीस. बावीस वर्षांनी त्याच खुर्चीत चौधरी बसले.

मास्तरकीही केली. ते ‘अ’ श्रेणीचे उड्डाण प्रशिक्षक. निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकले आणि झांबियाच्या स्टाफ कॉलेजात शिकवायलाही होते. हदगावचा माणूस आफ्रिकी अधिकाऱ्यांना युद्धशास्त्र शिकवतोय, हे चित्र मला लढाऊ विमानापेक्षाही आवडतं.

त्यानंतर स्क्वाड्रन सांभाळलं, मग लढाऊ विमानांचा अख्खा तळ, आणि पुढे टेबल. हे कुणी मुलांना सांगत नाही, म्हणून जरा जोर देऊन लिहितो. कारकिर्दीचा शेवटचा मोठा तुकडा फाईल, बैठक आणि दौरा यांत जातो. ते दुंडिगलच्या अकादमीत उपप्रमुख होते. दिल्लीत हवाई संरक्षणाच्या कारभारावर होते. अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या पाहणाऱ्या खुर्चीतही बसले. बदल्यांचं खातं सांभाळलेल्या माणसाला संस्थेची नस कळते, हे तुम्हाला मी काय सांगू! मग शिलाँगच्या पूर्व कमांडमध्ये वरिष्ठ पद, आणि दिल्लीत डेप्युटी चीफ, जिथे विमान-खरेदीचा कारभार येतो.

शेवटचे चौदा महिने घाईचे. १ ऑगस्ट २०२० ला त्यांनी पश्चिम कमांडची सूत्रं घेतली. गलवानची चकमक होऊन दीड महिनाच झाला होता आणि लडाखचं आकाश याच कमांडकडे होतं. राफेलची पहिली पाच विमानं अंबाल्याला उतरली ती २९ जुलैला, तीनच दिवस आधी. अंबालाही याच कमांडमध्ये. १ जुलै २०२१ ला ते व्हाईस चीफ झाले आणि तीन महिन्यांत प्रमुख.

फ्लाइट लेफ्टनंट, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन… यातलं मोठं कोण? आणि एअर मार्शल व एअर चीफ मार्शल एकच का?
— बारावीचा विद्यार्थी, उदगीर

एक नाहीत. खालून वर लिहितो, वहीत उतरवून घे : फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाईस मार्शल, एअर मार्शल, एअर चीफ मार्शल. शेवटचा हुद्दा एका वेळी एकाच माणसाकडे, दलप्रमुखाकडे. त्याच्याही वरचा ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ हा मान आजवर फक्त अर्जनसिंग यांना मिळाला, २००२ मध्ये.

नावांवर जाऊ नकोस, ती इंग्रजांनी ठेवलेली आहेत. चौधरी रुजू झाले तेव्हा पहिला हुद्दा ‘पायलट ऑफिसर’ होता, आणि हिशेब खात्यातला, जन्मात विमानाच्या सुकाणूला हात न लावलेला अधिकारीही पायलट ऑफिसरच म्हणवला जायचा. आजही विंग कमांडर म्हणजे विमान चालवणाराच, असं नाही. सचिन तेंडुलकर २०१० पासून मानद ग्रुप कॅप्टन आहे, आणि त्याला कुणी सुखोई चालवायला दिलेलं नाही.

स्क्वाड्रन लीडर आणि विंग कमांडरपर्यंत नोकरीची वर्षं भरली की माणूस साधारण पोचतो. गाळणी खरी त्यानंतर लागते. बरोबरीचे बरेच जण ग्रुप कॅप्टनवर थांबतात, आणि ते नालायक होते असं मुळीच नाही. वर जागाच तेवढ्या.

प्रमुख कोण होणार हे ठरतं कसं? गुणवत्तेवर, की ज्येष्ठतेवर, की ओळखीवर?
— एक वाचक, मुखेड

तुमच्या यादीत एक राहिलं. जन्मतारीख.

एअर मार्शल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. प्रमुखाला मात्र वयाची बासष्ट वर्षं किंवा पदावरची तीन वर्षं, यातलं जे आधी भरेल तिथवर राहता येतं. म्हणजे आधीचा प्रमुख ज्या दिवशी जाणार, त्या दिवशी तुम्ही साठच्या आत असलं पाहिजे, एअर मार्शल असलं पाहिजे आणि मोठी कमांड किंवा व्हाईस चीफची खुर्ची सांभाळलेली असली पाहिजे. भदौरिया ३० सप्टेंबर २०२१ ला निवृत्त झाले तेव्हा चौधरी नुकते एकोणसाठ पूर्ण करून होते. हाच जन्म दोन वर्षं आधीचा असता, तर ते सप्टेंबर २०२० मध्येच एअर मार्शल म्हणून घरी गेले असते. शिवाय त्यांची तीन वर्षं आणि बासष्टावं वय दोन्ही सप्टेंबर २०२४ मध्येच भरलं. इतका नेमका मेळ क्वचित बसतो. निवड सरकार करतं, साधारणपणे ज्येष्ठता पाळून. पण ज्येष्ठांच्या यादीत त्या दिवशी कोण उरलंय, हे साठ वर्षांपूर्वीच्या बाळंतपणावर ठरलेलं असतं.

आपल्याकडच्या शाळांत गुरुजींनी सरसकट १ जूनला जन्माला घातलेली एक अख्खी पिढी आहे. माझे दोन काका आणि एक आत्या, तिघेही १ जूनचे. एकदा गावातल्या शाळेचं जुनं रजिस्टर पाहिलं होतं, एका पानावर ओळीने अकरा नावं आणि अकराही १ जून. साल कधी एक पुढे, कधी एक मागे, गुरुजींच्या अंदाजाने. शेतात राबणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. सैन्यात गेलेल्याला त्या एका सालाने बढती मिळते किंवा हुकते. तेव्हा मुखेडकर, घरात नातवंड झालं असेल तर ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आजच करा.

दलप्रमुख झाल्यावर नेमकं करतात काय? फक्त सलामी घेतात का?
— एक वाचक, अहमदपूर

टीव्हीवर तेवढंच दिसतं, त्यामुळे तुमचा दोष नाही. प्रमुख स्वतः लढाईची आज्ञा रोज देत बसत नाही, तो कमांडचा कारभार. माणसं, पैसा, विमानं आणि पुढच्या वीस वर्षांची तयारी हे प्रमुखाचं काम.

चौधरी यांना पहिला धक्का पदावर आल्यानंतर सव्वादोन महिन्यांतच बसला. ८ डिसेंबर २०२१ ला संरक्षण दलप्रमुख (सीडीएस) जनरल बिपीन रावत यांना वेलिंग्टनला नेणारं हवाई दलाचं हेलिकॉप्टर कुन्नूरजवळ कोसळलं. ज्या स्टाफ कॉलेजात चौधरी शिकले, तिकडेच रावत निघाले होते. तिन्ही दलांची मिळून एक चौकशी नेमली गेली. ढगांत शिरल्यामुळे वैमानिकाचा अंदाज चुकला आणि हेलिकॉप्टर डोंगराला धडकलं, असा तिचा निष्कर्ष. तीन महिन्यांनी, ९ मार्च २०२२ ला, आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात जाऊन पडलं. त्यापायी तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. प्रमुखाच्या कारकिर्दीत अशाही तारखा जमा होतात. फ्लेक्सवर त्या कुणी छापत नाही.

चांगल्या बाजूला युक्रेनमधून विद्यार्थी आणताना आणि २०२३ मध्ये सुदानमधून माणसं काढताना हवाई दलाने केलेली कामं आहेत. सुदानात तर रात्री, दिवे नसलेल्या मोडक्या धावपट्टीवर मालवाहू विमान उतरवलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रचंड हे देशी लढाऊ हेलिकॉप्टर दलात आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये चौधरी स्वतः स्पेनच्या सेव्हिलला जाऊन सी-२९५ हे पहिलं नवं मालवाहू विमान ताब्यात घेऊन आले. एकूण छप्पन्न विमानांचा करार, त्यातली चाळीस वडोदऱ्यात बनायची. साठच्या दशकातल्या ॲव्ह्रो विमानांची जागा ती घेणार. हवाई दल दिनाचं संचलन २०२२ मध्ये पहिल्यांदा दिल्ली परिसराबाहेर, चंडीगडला झालं आणि पुढच्या वर्षी प्रयागराजला नवा ध्वज आला.

फोटो ध्वजाचे छापून आले. मला विचाराल तर टिकणारं काम वेगळंच झालं. त्यांच्या काळात ‘वेपन सिस्टिम्स’ ही अधिकाऱ्यांची नवी शाखा मंजूर झाली, स्वातंत्र्यानंतरची अशी पहिलीच. जमिनीवरची क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि दोन आसनी विमानातल्या मागच्या सीटवरची शस्त्रं चालवणाऱ्यांचं वेगळं केडर. वैमानिक नसलेल्या माणसालाही आता शस्त्र चालवण्याच्या कामात पूर्ण कारकीर्द करता येईल.

माझी मुलगी दहावीत आहे. लातूरला राहतो, क्लास लावलाय. तिला फायटर पायलट व्हायचंय. मुलींना चालतं का? काय करावं?
— एक आई, लातूर

चालतं, ताई. २०१६ च्या जूनमध्ये देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या. एनडीएत मुली २०२२ पासून आहेत, आणि तिथली पहिली सतरा मुलींची तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली.

पण तुम्ही लातूरला आहात म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी. अकरावीत गणित सोडू देऊ नका. लातूर पॅटर्नने डॉक्टर घडवले, त्याबद्दल आदर आहे. मात्र नीटच्या घाईत निम्मी मुलं गणित टाकून जीवशास्त्राच्या मागे लागतात. हवाई दलासाठी एनडीएला बारावीला भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही लागतात. गणित सोडलं की तो दरवाजा सतराव्या वर्षीच बंद झाला, आणि घरात कुणाला कळलंही नाही. औसा रोडवरच्या क्लासच्या फ्लेक्सवर नीटचे गुण मोजता मोजता मान दुखते, एनडीएला लागलेल्या मुलाचा फोटो मात्र शोधावा लागतो.

परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी नऊशे गुणांची, त्यात गणिताला तीनशे. नंतर सैन्यदलांच्या निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची मुलाखत, तीही नऊशेची आणि पाच दिवस चालणारी. क्लासवाल्यांना ही दुसरी बाजू फारशी जमत नाही, कारण तिथे पाठांतर चालत नाही. आठ-दहा अनोळखी मुलांना एक ओंडका, एक दोरी आणि दोन फळ्या देऊन सांगतात की जमिनीला पाय न लावता पलीकडे जा. कोण ओरडतं, कोण ऐकतं, कोण गुपचूप फळी धरून उभं राहतं, ते बघणारे बघत असतात.

वैमानिक व्हायचं तर आणखी एक यंत्रावरची परीक्षा आहे. समोरच्या पडद्यावरचा काटा हातापायांनी सांभाळायचा, त्याच वेळी कानात आकडे ऐकायचे. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिकाचा मार्ग कायमचा संपला, पुढल्या वर्षी पुन्हा वगैरे काही नाही. तेव्हा मुलीला कच्ची पाठवू नका. शिवाय दृष्टी, उंची, पायाची लांबी. कॉकपिटमध्ये बसल्यावर पाय पेडलला पोचले पाहिजेत आणि अडचणीत उडी मारताना गुडघे पुढच्या फळीला लागता कामा नयेत, म्हणून मांडीचीही मोजणी होते. डोळे आताच नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. चष्म्याचा नंबर निघाला तर स्वप्न वेळेत बदलता येतं.

दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था, एसपीआय, १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलांसाठी. मुलींसाठीची नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. प्रवेश परीक्षा असते, जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि एनडीएचं शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चाने असतं. क्लासला भरता त्या रकमेकडे बघून हेही मनात ठेवा.

पगार किती असतो?
— नाव कळवू नये, नांदेड

नाही कळवत. सुरुवातीच्या फ्लाइंग ऑफिसरचं मूळ वेतन ५६,१०० रुपये. त्यावर सैनिकी सेवेचे १५,५०० आणि वैमानिक असेल तर उड्डाणाचा भत्ता, शिवाय महागाई वगैरे. प्रमुखाचं मूळ वेतन अडीच लाख, तेवढंच. चाळीस वर्षांच्या चढणीनंतर मूळ पगार साडेचार पटही होत नाही. तुमच्या भागातला एखादा बरा भूलतज्ज्ञ याहून जास्त मिळवतो. मुलीसाठी स्थळ पाहताय असा संशय आहे. तसं असेल तर पगारापेक्षा बदल्या विचारा.

आमच्या रानावरून इमानं जातेत. आवाज येतो तिकडं मान वळवली की तिथं काहीच नसतं. पोरगं म्हणतं, ‘बाबा, ते पुढं गेलं.’ ही इमानं कुणाची, आणि आवाज असा फसवतो कसा?
— एक शेतकरी, निलंगा तालुका, औराद शहाजानीकडचे

पोरगं बरोबर आहे. तुमच्या सीमेपलीकडे कर्नाटकात बिदरला हवाई दलाचा तळ आहे. लढाऊ वैमानिक होणाऱ्या पोरांना शेवटचे धडे तिथे हॉक विमानावर देतात. मघाशी बँकवाल्यांना सांगितलं ती मधली पायरी हीच. दुंडिगलला छोट्या विमानावर हात बसला की लढाऊ शाखेला निवडलेले बिदरला येतात. म्हणजे तुमच्या तुरीवरून जाणारं विमान बहुधा बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं चालवत असतं, आणि मागच्या सीटवर त्याचा मास्तर. विमानं लाल-पांढरी आणि एकदम नऊ दिसली, तर ती सूर्यकिरण. कसरती करणारी ती तुकडीही बिदरचीच.

आता आवाज. तो सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. विमान डोक्यावर तीन किलोमीटर उंच असेल, तर आवाज खाली यायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात तासाला सातशे किलोमीटरने जाणारं विमान पावणेदोन किलोमीटर पुढे पोचलेलं असतं. तुम्ही बघता ती त्याची नऊ सेकंदांपूर्वीची जागा.

पुढच्या वेळी असं करा. आवाज ज्या ठिकाणाहून येतोय असं वाटतं तिथे हात लांब करून बोट धरा. मग हात तसाच ताठ ठेवून, विमान ज्या दिशेला चाललंय तिकडे अंगठा ते करंगळी अशी दीड वीत मोजा. विमान तिथे सापडेल. खालून गेलं काय आणि फार उंचावरून गेलं काय, वेग तोच असेल तर माप तेच. पोराला आधी करू द्या, त्याची नजर तुमच्यापेक्षा ताजी आहे.